भाकरी, चिलापी आणि डाळिंब

सोलापूर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे आणि तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. पापलेट, सुरमई, कोळंबी आमच्या बाजारात मिळते, पण ती बर्फात पुरून येते, आणि पाण्याबाहेर येऊन तिला किती दिवस झाले हे विकणाऱ्यालाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळं नाताळच्या सुट्टीत अमेरिकेहून आलेली भाची जेव्हा म्हणाली, ‘‘मावशी, एकदा घरी माशाचे टाको करूया, फळांचा सालसा घालून,’’ तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न कृतीचा आला नाही, माशाचा आला.

भाची सॅन डिएगोला राहते. मेक्सिकोची सरहद्द तिथून जवळच. सरहद्दीपलीकडं बाहा कॅलिफोर्नियाचा लांबट द्वीपकल्प आहे, त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एन्सेनादा नावाचं बंदर आहे, आणि माशाच्या टाकोचं माहेर म्हणून ते बंदर अभिमानानं आपलं नाव सांगतं. बोटींतून मासे उतरतात आणि मासळी बाजाराच्या आसपासच्या गाड्यांवर त्यांचे तुकडे पिठात बुडवून तळले जातात. मक्याची लहानशी मऊ पोळी, तिच्यावर तो मासा, बारीक चिरलेला कोबी, थोडी पातळ साय, तिखट सालसा. लिंबू पिळायचं, पोळी दुमडायची आणि उभ्या उभ्या खायची. १९८३ मध्ये राल्फ रुबिओ या तरुणानं सॅन डिएगोत एक छोटं दुकान काढलं आणि हे टाको अमेरिकेत लोकप्रिय केले; विद्यार्थी असताना बाहामध्ये त्याला त्यांची गोडी लागली होती. माशावर आंब्याचा किंवा पपईचा सालसा घालण्याची आवड मुख्यतः सरहद्दीच्या अमेरिकेकडच्या बाजूला वाढली. मेक्सिकोत टाकोवर फळ येतं ते विशेषतः ‘अल पास्तोर’ या प्रकारात, अननसाच्या रूपानं. आणि त्या ‘अल पास्तोर’मधलं सळईवरचं मांस म्हणजे लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांचा शवर्मा. पदार्थ जिथं जातात तिथल्या मातीचं काहीतरी उचलतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

भाचीनं यादी तयारच आणली होती. मॉलमधला गोठवलेला बासा, मैद्याच्या टॉर्टियांचं पाकीट, डब्यातला अननस, फ्रीजरमधल्या आंब्याच्या फोडी. हे सगळं आता सोलापुरात मिळतं, आणि माझे कष्ट वाचावेत म्हणूनच तिनं ते निवडलं होतं. पण त्या यादीत सोलापूरचं काहीच नव्हतं. एन्सेनादाच्या गाडीवाल्याला ‘मासा कुठून आणता’ असं विचारलं तर तो समोरच्या धक्क्याकडं हात करील. या पदार्थाचं खरं लक्षण हे आहे, असं मी तिला म्हटलं. मासा समुद्राचा की नदीचा, पोळी मक्याची की आणखी कशाची, हे त्यानंतर. ते लक्षण पाळायचं तर आपणही आपल्या धक्क्यावर जायला हवं. आमचा धक्का म्हणजे भीमा नदीवरचं उजनी धरण.

पोळीचा प्रश्न मात्र घरातच सुटला. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन दगडावर वाटतात. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, पीठ एकजीव होतं, आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन शरीराला मिळू लागतं. युरोपनं मका नेला, पण ही चुन्याची रीत नेली नाही. परिणाम असा झाला की निव्वळ मक्यावर पोट भरणाऱ्या इटली-स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांना त्वचा फाटणारा, बुद्धी भ्रमवणारा पेलाग्रा हा रोग जडला. ज्वारीच्या मुलखालाही हा रोग अनोळखी नाही. १९६० मध्ये हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांच्या पेलाग्राबद्दल लिहिलं आणि ज्वारीतल्या ल्युसिनकडं लक्ष वेधलं. त्या मतावर पुढं बरीच चर्चा झाली. मला त्यातून उमगतं ते साधं आहे. नुसत्या भाकरीवर माणूस नीट जगत नाही. तिच्यासोबत डाळ, शेंगा, दूध, मासा असं काहीतरी लागतं, आणि दुष्काळात पहिल्यांदा ताटातून नाहीसं होतं ते हेच.

आमच्याकडची ज्वारी मंगळवेढ्याची. हस्ताच्या पावसावर पेरायची आणि मग आभाळाकडं फार आशेनं बघायचं नाही, अशी ही रब्बीची शेती. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण मंगळवेढ्याची काळी जमीन खोल आहे. ती ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवर, थंडीवर आणि पहाटेच्या दवावर मालदांडीचं पीक उभं राहतं. या मालदांडीतूनच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही शेतकरी सोडत नाहीत, कारण त्याची भाकरी गोड लागते आणि कडबा जनावरं आवडीनं खातात. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, याच मंगळवेढ्यात बहामनी राजवटीचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, असं परंपरा सांगते. विठोबानं महाराच्या रूपात जाऊन त्या धान्याचे पैसे बिदरला भरले, ही पुढची कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. मला त्या कथेत धान्याची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. या भागात कोठार भरलेलं असणं ही कधीच गृहीत धरायची गोष्ट नव्हती.

भाकरीचं पीठ ताजं हवं. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेनं चिरते, आणि दुमडायला गेलं की मोडते. टाकोसाठी तर दुमडणं हाच सगळा खेळ. म्हणून मी सकाळी गिरणीतून पीठ आणायला सांगितलं, काठवटीत आधणाचं पाणी घालून ते भिजवलं आणि हाताच्या पंज्याएवढ्या लहान, पातळ भाकऱ्या थापल्या. ज्वारीत ग्लुटेन नाही. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि तोच भाकरीला बांधून ठेवतो. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग जाळावर फुगवायची. फुगलेली भाकरी लगेच फडक्यात गुंडाळली की वाफेनं मऊ राहते. गार झाली की ताठरते, आणि मक्याच्या पोळीचंही तेच होतं. दोन्हीही जेवणाऱ्याला वाट बघायला लावतात, आपण कुणासाठी थांबत नाहीत.

आता मासा. उजनीच्या काठावरचं भिगवण सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाणारा प्रत्येक मासेखाऊ माणूस तिथल्या चिलापी फ्रायसाठी कधी ना कधी थांबलेला असतो. आम्ही पहाटे निघालो. डिसेंबरात उजनीचं पाणी दूरवर पसरलेलं असतं आणि भिगवण-कुंभारगावच्या उथळ कडेला रोहित पक्षी उतरलेले असतात. भाचीला ते बघायचे होतेच. बाजारात माशांचे ढीग लागले होते आणि लिलाव चालू होता. कटला, रोहू, थोडी वाम, क्वचित मरळ, आणि सगळ्यांहून जास्त चिलापी. चपटी, करड्या खवल्यांची, पाठीवर काटेरी पंख असलेली. आम्ही हातभर लांबीच्या चार-पाच चिलापी निवडल्या, तिथंच साफ करून घेतल्या आणि बर्फाच्या डब्यात घातल्या. दुपारच्या आत मासे माझ्या ओट्यावर होते.

चिलापी इथली नाही. तिचं मूळ आफ्रिकेत, आणि भारतात तिचा पहिला प्रकार १९५२ मध्ये आणला गेला. तिची मादी अंडी आणि नवजात पिलं तोंडात धरून सांभाळते, म्हणून पिलं जास्त जगतात आणि जिथं गेली तिथं ती पसरते. शेवाळ खाते, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरते. कटला आणि रोहूही मूळचे भीमेचे नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातले, त्यांचं बीज सोडून इथं वाढवलेलं. म्हणजे ज्याला आम्ही उजनीचा मासा म्हणतो तो बहुतेक सगळा बाहेरून आलेला आहे, आणि ज्या पाण्यात तो वाढतो ते पाणीही तिथं आधी असं साचलेलं नव्हतं. १९८० मध्ये उजनीचं धरण पूर्ण झालं. भीमेच्या काठची गावं, मळे, देवळं पाण्याखाली गेली. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी काहींनी पुढं त्याच पाण्यात जाळं टाकलं. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. माझ्या पिढीला मात्र ती सांगावी लागत नाही. उजनीच्या आधीचं सोलापूर आणि नंतरचं सोलापूर, अशीच आम्ही काळाची मोजणी करतो.

गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल समुद्रकाठच्या लोकांची एक तक्रार असते: त्याला चिखलाचा वास येतो. ती तक्रार खोटी नाही. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या मांसात मुरतं. गंमत अशी की पहिल्या पावसात तापलेल्या मातीतून जो वास येतो आणि जो आपल्याला वेड लावतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. पाणी जितकं शेवाळलेलं तितका वास अधिक. आंबटानं तो कमी होतो. आमच्या पूर्व भागातल्या ओळखीच्या अक्का, पद्मशाली समाजातल्या, तेलुगू घरातल्या, माशाला हात लावायच्या आधी चिंचेचा कोळ बाजूला काढून ठेवतात. त्यांच्या घरचा चेपला पुलुसू मी अनेकदा खाल्लाय. त्यात चिंच नुसती चवीला नसते, ती माशाला शुद्ध करते. कापड गिरण्या आणि यंत्रमागांमुळं तेलंगणातून आलेली ही माणसं सोलापूरची झाली, आणि त्यांच्याबरोबर नदीचा मासा रांधायची जुनी जाणही आली. मी अक्कांचंच ऐकलं. मिठानं आणि हळदीनं मासा चोळून धुतला, मग पातळ चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवला. वास गेला.

चिलापीचे काटे मोजके आणि जाड असतात, त्यामुळं तिचे बिनकाट्याचे तुकडे घरीही काढता येतात. धारदार सुरी पाठीच्या कण्याला टेकवून सरकवत न्यायची. एका माशातून साधारण एक तृतीयांश इतकंच मांस हाती येतं. पण डोकी आणि काटे टाकायचे नाहीत. संध्याकाळी त्यांचा काळ्या मसाल्यातला रस्सा झाला, आणि खरं सांगायचं तर माझ्या यजमानांना टाकोपेक्षा तोच जास्त रुचला. तुकड्यांना आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण लावलं. तळायला एन्सेनादासारखं जाड पिठाचं आवरण मला नको होतं. तांदळाचं पीठ आणि ज्वारीचं पीठ समसमान घेऊन त्यात तुकडे नुसते घोळवले आणि करडईच्या तेलात तव्यावर खरपूस केले. करडई आमच्याकडं ज्वारीच्या शेताच्या कडेनं पेरतात. तिच्या काट्यांमुळं जनावरं शेतात शिरत नाहीत. त्या तेलाला एक हलका कोरडेपणा आहे, माशाला तो शोभतो.

कोबीऐवजी काय, याचं उत्तर शेतानं दिलं. डिसेंबरात हरभरा कोवळा असतो. त्याच्या पानांवर आंब साचते, म्हणूनच शेतातून चालून आलं की पाय आंबटसर चिकट होतात. ती कोवळी पानं खुडून, निवडून, धुऊन बारीक चिरली. कुरकुरीत आणि मुळातच आंबट. कोबी यापुढं मला बेचव वाटेल.

सायीचा प्रश्न उरला. आमच्याकडं माशाबरोबर दूध-दही खात नाहीत. आयुर्वेदात ते विरुद्ध आहारात येतं, आणि घरातली मोठी माणसं ते कसोशीनं पाळतात. मी तो नियम मोडला नाही, आणि मोडावासाही वाटला नाही. माशाला हवा असतो तो स्निग्धपणा, आणि सोलापुरात तो शेंगांच्या चटणीत आहे. इथली चटणी भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटतात. दोन चमचे चटणी लिंबाच्या रसात आणि गरम पाण्यात कालवली की तिचं दाट, तांबूस, मऊ आळण होतं. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात ‘सालसा माचा’ नावाचा एक प्रकार करतात, सुक्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतून कुटलेला. मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडातली पिकं. पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्याकडं पोचली. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना कधी न बघता तेच तीन जिन्नस एकत्र कुटले. पेरू, पपई, सीताफळ, टोमॅटोही तिकडचेच. मका आपल्याकडं प्रामुख्यानं जनावरांच्या चाऱ्याला आणि कोंबडीच्या खाद्याला गेला, पण बाकीच्यांना आपण स्वयंपाकघरात जागा दिली, आणि ती जागा आता कुणी परकी म्हणत नाही.

सालसा ही सगळ्यांत नाजूक गोष्ट. सालसा म्हणजे आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण, फक्त दह्याऐवजी लिंबावर भिस्त ठेवणारी. फळाचा सालसा करताना गोड, आंबट, तिखट आणि खारट या चारही चवी एकमेकींना धरून असाव्या लागतात, आणि फळ पाणी सोडतं ही त्यातली मोठी अडचण. आंबा किंवा पपई चिरून मीठ घातलं की थोड्याच वेळात खाली रस साचतो, तो भाकरीत मुरतो, आणि भाकरी हातात फाटते. डाळिंबाचं तसं होत नाही. त्याचा प्रत्येक दाणा आपल्या पातळ सालीत बंद असतो; मीठ, लिंबू लागलं तरी रस आत राहतो आणि दाताखाली आल्यावरच फुटतो. तळलेल्या माशाबरोबर हे इतकं जुळतं की आंब्याचा सालसा खाऊन सवय झालेल्या भाचीनं पहिल्या घासालाच मान डोलावली.

डाळिंब सांगोल्याचं होतं, भगवा जातीचं, मृग बहाराचं. आमच्या जिल्ह्यात डाळिंबाचे तीन बहार धरतात, मृग, हस्त आणि आंबे. कुठला धरायचा हे विहिरीतलं पाणी ठरवतं. बहार धरण्यासाठी झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देतात, पानं गळू देतात, आणि मग पाणी सोडलं की ते फुलतं. तहानेनं फुलणारं हे झाड आहे, म्हणूनच सांगोल्याच्या माळरानावर ते रुजलं, आणि ठिबकच्या नळीनं थेंब थेंब पाणी देऊन शेतकऱ्यांनी ते वाढवलं. २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. तिथं तयार झालेला ‘सोलापूर लाल’ हा वाण लोह आणि जस्त अधिक असल्यामुळं ओळखला जातो. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही आहे. पण बागेत जाऊन पाहिलं की या नावलौकिकामागची चिंता दिसते. तेल्या रोगाचे काळे डाग, मर रोगानं वाळलेली झाडं, खोडकिड्यानं पोखरलेली खोडं. कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून टाकल्या आहेत. डाळिंब झाडावरून काढल्यावर पिकत नाही. गोडी यायची ती झाडावरच येते. म्हणून कच्चं काढलेलं देखणं डाळिंब कितीही दिवस ठेवलं तरी फिकंच राहतं, आणि माळावरच्या बागेतून ऐन वेळी उतरवलेलं डाळिंब घरी येईपर्यंत आपली पूर्ण चव घेऊन येतं.

दोन डाळिंबांचे दाणे, एक अर्धकच्चा पेरू बिया काढून बारीक चिरलेला, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची भरड, लिंबाचा रस. मीठ अगदी शेवटी, माणसं पानावर बसल्यावर. साखर घालू नये. डाळिंब पुरेसं गोड नसेल तर त्या दिवशी हा सालसा करूच नये, दुसरं फळ बघावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नान्नजकडची द्राक्षं आहेत, तीही अख्खी असली तर मीठ लागल्यावर पाणी सोडत नाहीत, पण ती अर्धी चिरली तरच मिरची त्यांना लागते. एप्रिलमध्ये कैरी आहे. माशाबरोबर आंबट फळ ही तर कोकणाची जुनीच रीत. कैरी, कोकम, आंबाडा घालून तिकडची कालवणं होतातच. डाळिंब त्या रांगेत बसलं तर त्यात काही अजब नाही.

शेजारच्या लिंगायत घरातल्या काकू मासे खात नाहीत. त्यांच्यासाठी कडक भाकरीवर शेंगांच्या चटणीचं आळण, गरम हुरडा आणि वर हाच सालसा घातला. मेक्सिकोत टाकोची कडक चपटी बहीण ‘तोस्तादा’ असते, तिचं काम आमची कडक भाकरी निमूट करते. काकूंनी दोन खाल्ल्या आणि तिसरी नातवासाठी मागून घेतली.

भाकरीवर हरभऱ्याची पानं, त्यावर मासा, त्यावर आळण, सगळ्यात वर डाळिंब. चव कशी होती हे सांगण्यापेक्षा मला त्या ताटात एकाच वेळी काय दिसलं ते सांगावंसं वाटतं. ज्वारीत काळ्या मातीनं जपलेली पावसाळ्यातली ओल होती. डाळिंबात विहिरीतून मोजून दिलेलं पाणी होतं. माशात धरणाचं पाणी होतं, आणि ज्या पाण्यानं पीठ भिजवलं तेही बहुधा उजनीचंच, कारण शहराच्या नळाला येतं ते मुख्यतः तिथूनच. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि घरातली प्रत्येक बाई त्या दिवसाच्या हिशोबानं कपडे, भांडी, पाहुणे ठरवते. पाहुणी भाचीही दुसऱ्याच दिवशी बादल्या भरायला शिकली. उन्हाळ्यात बातम्यांत ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं वाचलं की आमच्या पोटात गोळा येतो. एकशे सतरा टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्याचं धरलेलं आहे. पातळी त्याखाली गेली की ती उणे मोजतात. मासे त्या मृतसाठ्यातच जगतात. मच्छीमारांच्या दृष्टीनं तो साठा मृत कधीच नसतो.

आणि त्या पाण्यात काय मिसळतं तेही सांगायला हवं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा ते उजनीत आणते. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, जलपर्णी पसरते, शेवाळ वाढतं. चिंचेच्या कोळानं मी ज्या वासाला घालवलं त्याचं मूळ तिथं आहे. स्वयंपाकघरात त्यावर उपाय आहे, धरणात तो करायचं काम मोठ्या शहरांचं आणि सरकारचं आहे, आणि ते झालेलं नाही. देशी मासे कमी होत गेले, वाम आणि मरळ दुर्मीळ झाली, आणि घाण सहन करू शकणारी चिलापी उरली. मला चिलापी आवडते. पण ती ज्या कारणानं उरली ते कारण मला आवडत नाही, आणि ताटात तिचा आनंद घेताना हे विसरणं मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. एका बाजारात मी बोटभर लांबीच्या माशांचे ढीग स्वस्तात विकले जाताना पाहिले. बारीक आसाच्या जाळ्यांत सापडलेली ही पिलं. पुरेसा काळ पाण्यात राहिली असती तर त्यांचे मोठे मासे झाले असते आणि त्यांनी अंडीही दिली असती. घेणारं गिऱ्हाईक आहे म्हणून ती विकली जातात. ज्यांची घरं मासेमारीवर चालतात, त्यांचं उद्याचं उत्पन्न त्या ढिगात असतं.

तेव्हा माझी सोलापूरकरांना, इंदापूर-करमाळ्याच्या लोकांना आणि रस्त्यानं जाताना भिगवणला थांबणाऱ्या सगळ्यांनाच विनंती आहे. टाको करा, कालवण करा, तव्यावर नुसता परता, पण मासा तळहाताहून मोठा असेल तरच घ्या. तो कुठल्या पाण्यातला आणि कधी काढला ते विक्रेत्याला विचारा. आणि पिलांचा ढीग कितीही स्वस्त असला तरी त्याला हात लावू नका.